अण्णांच्या पोटातली पँट: कॉइल, बेलबॉटम की ब्रँच? चौदा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मिक्सर घेताना मी शंभर रिव्ह्यू वाचते, हॉटेलात जेवायला जायच्या आधीपण वाचते, आणि ज्या वस्तूवर आमच्या घरातली आजवरची सगळ्यात मोठी रक्कम गेली तिचा मराठीत एकही रिव्ह्यू मिळाला नाही मला, म्हणून हा लिहितेय. वस्तू म्हणजे आमच्या अण्णांच्या पोटात बसवलेला स्टेंट ग्राफ्ट, फुगलेल्या नसेच्या आत बसवायची जाळीची-कापडाची नळी. मी डॉक्टर नाहीये हां, एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते, त्यामुळे हे सगळं गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे असं धरून चाला आणि निर्णय तुमच्या डॉक्टरला विचारूनच घ्या.

अण्णा एकाहत्तर वर्षांचे. कराड डेपोला एसटीत ड्रायव्हर होते, जेवढी वर्षं स्टिअरिंग तेवढीच वर्षं बिडी. लघवीचा त्रास म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफी करायला गेले तर सोनोग्राफीवाले डॉक्टर प्रोस्टेट सोडून बेंबीच्या वरच प्रोब दाबत बसले, आणि अण्णा म्हणतायत अहो साहेब खाली बघा खाली. रिपोर्ट हातात आला तेव्हा प्रोस्टेट राहिलं बाजूला, महाधमनीला, म्हणजे हृदयाकडून पोटात उतरणाऱ्या सगळ्यात मोठ्या नसेला, ५६ मिलिमीटरचा फुगा. एरवी ती साधारण २० मिलिमीटरची असते, ३० च्या वर गेली की फुगा म्हणतात आणि पुरुषांत ५५ झाली की ऑपरेशनचा विषय काढतात. दुखत काहीच नव्हतं. हीच त्या आजाराची हरामखोरी आहे, फुटेपर्यंत बहुतेकांना कळतच नाही, आणि फुटल्यावर दवाखान्यात पोचणारेच कमी. इंग्लंडात म्हणे पासष्टीच्या पुरुषांना सरकारच सोनोग्राफीला बोलावतं. आपल्याकडे प्रोस्टेटच्या कृपेनं कळतं.

मग सीटी अँजिओ, म्हणजे नसांचा सीटी स्कॅन, झाली आणि खरी भानगड त्यात निघाली. महाधमनी बेंबीच्या आसपास येऊन दोन फाट्यांत वाटली जाते, डावा आणि उजवा. त्या प्रत्येक फाट्याला थोडं खाली पुन्हा दोन फाटे, बाहेरचा जातो पायात आणि आतला जातो ओटीपोटात, म्हणजे मूत्राशय, गुदाशय, पुरुषांचं जे काय असतं ते, आणि ढुंगणाचे स्नायू. पोटात फुगा असलेल्या पाचातल्या एकाला तरी तो या खालच्या फाट्यांपर्यंत उतरलेला असतो. अण्णांचा डावा फाटा ४१ मिलिमीटर आणि उजवा २२. साडेतीन-चार सेंटीमीटरच्या पुढे गेला की नुसता फाटासुद्धा दुरुस्त करतात, म्हणजे डावीकडचा दुरुस्त करणं भागच होतं आणि उजवीकडचा अधला-मधला, ना धड चांगला ना धड वाईट.

एवढं ऐकून दादानं लगेच "कुठल्या कंपनीचा स्टेंट बेस्ट" हे शोधायला घेतलं. मीपण तेच करत होते. आता मागे वळून बघितलं तर तो प्रश्नच चुकीचा होता. विचारायचं हे होतं की ती आतली नस तुम्ही ठेवणार आहात का बंद करणार आहात. हे कळायला आम्हाला तीन डॉक्टर, दोन शहरं आणि दीड महिना लागला. आणि घरात हे सगळ्यात आधी कोणाला कळलं असेल तर आईला, जी सातवी शिकलेली आहे पण चाळीस वर्षं शिवणकाम करते.

झालं असं की पहिल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वर कंबर, खाली दोन पाय, म्हणाले हे बघा आजी, पँटसारखं असतं, घडी घालून जांघेतल्या नसेतून वर न्यायचं आणि आत उलगडायचं, रक्त पँटमधून वाहतं आणि बाहेरचा फुगा रिकामा पडतो. आईनं कागद हातात घेतला आणि विचारलं, "कंबर कशावर धरते?" वरच्या चांगल्या नसेवर, किडनीच्या नसांच्या खाली. "आणि बॉटम?" डॉक्टर एक मिनिट गप्प. म्हणाले तोच तर प्रॉब्लेम आहे, डाव्या पायाचं बॉटम जिथे टेकायचं तिथेच फुगा आहे, म्हणजे पाय लांब करून बाहेरच्या फाट्यात न्यावा लागणार, आणि तसं केलं की आतल्या फाट्याचं तोंड झाकलं जाणार. नुसतं झाकून भागत नाही, त्यातून रक्त उलटं येऊन फुगा पुन्हा भरतो, म्हणून आधी त्या नसेत कॉइल, म्हणजे धातूच्या तारेची बारीक गुंडाळी, टाकून ती बुजवायची. आई म्हणाली म्हणजे खिसा शिवून टाकायचा. अगदी तेच.

तर पहिला प्रकार हा, कॉइल टाकून पाय लांब करणे. सगळ्यात जुना, बहुतेक ठिकाणी होतो, त्यातल्या त्यात स्वस्त, वेळ कमी. डॉक्टर म्हणाले एका बाजूची आतली नस गेली तरी दुसऱ्या बाजूकडून रक्त येतं, शरीर सांभाळून घेतं. त्रास होऊ शकतो का विचारलं तर म्हणाले चालताना थोडं ढुंगण दुखतं काहींना, हळूहळू कमी होतं. एवढंच. आम्ही जवळजवळ हो म्हणूनच आलो होतो.

आता कंडक्टर काका. अण्णांच्या गाडीवर बारा वर्षं कंडक्टर होते, त्यांचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात झालेलं, एका बाजूला कॉइल. दोघं रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जातात, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपर्यंत. त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले. घरातून निघून दीडेकशे पावलं झाली असतील, काका रसवंतीच्या बाकड्यावर टेकले. रस नको होता त्यांना. दोन मिनिटं उजव्या कुल्ल्यावर मूठ दाबून बसले, मग उठले. पुढे पुन्हा एका बंद दुकानाच्या पायरीवर. मग देवळाच्या कट्ट्यावर. मी विचारलं काका दम लागतो का, तर म्हणाले, "दम कुठला गं, छाती ठणठणीत हाय. ढुंगणात गोळा येतो, पिळा घातल्यावाणी. बसलं की जातो. सायकल काढतो म्हणलं तर डबल." आणि मग हसत म्हणाले पहिल्या वर्षी तर तिकीट मशीनचा पट्टासुद्धा उचलवत नव्हता, आता बरंच म्हणायचं. दुसरी जी तक्रार आहे पुरुषांची ती माझ्यासमोर अर्थातच नाही बोलले, ती अण्णांनी आईला सांगितली, आईनं मला.

हे "थोडं दुखतं काहींना" नाहीये. नंतर वाचलं आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं, एक बाजू बुजवली तर साधारण चारातल्या एकाला हा चालतानाचा त्रास होतो, काहींचा काही महिन्यांत जातो, काहींचा राहतो. दोन्ही बाजू बुजवल्या तर जास्त. शिवाय स्टेंट ग्राफ्टमुळे आतड्याला जाणारी एक छोटी नस तशीही झाकली जाते, मग मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग बराचसा या आतल्या नसांच्या भरवशावर असतो, आणि मणक्याच्या रक्तालाही तिथूनच मदत असते. म्हणून दोन्हीपैकी निदान एक आतली नस तरी वाचवाच असं व्हॅस्क्युलरच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीच्या, गाइडलाइन्सच सांगतात. पहिल्या डॉक्टरांवर माझा राग एवढाच आहे की हे त्यांना माहीत नसेल असं नाही, पण आम्हाला दुसरे पर्याय असतात हेच सांगितलं नाही. कदाचित त्यांच्याकडे ते होत नसतील. तसं सांगायचं की मग, आम्ही काय मारलं असतं का.

कॉइलला माझ्याकडून दोन स्टार. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवी, ज्यांची आतली नसच फुगलेली किंवा आतून घाण साचून बारीक झालेली असते, किंवा इमर्जन्सीत फुगा फुटून पेशंट आलेला असतो, तिथे जीव वाचवायला हाच मार्ग लागतो आणि तेव्हा ढुंगणाचा विचार कोणी करू नये. कॉइल टाकायचीच असेल तर नसेच्या अगदी सुरुवातीच्या तोंडाशी टाका, पुढचे फाटे मोकळे ठेवा, म्हणजे आजूबाजूच्या नसा तिला रक्त देऊ शकतात, हेही विचारून घ्या. त्यासाठी कॉइलच्या ऐवजी जाळीचा प्लग वापरतात काही जण, बूच मारल्यासारखा.

दुसरे डॉक्टर पुण्यातले, जुन्या पठडीतले, ते म्हणाले पोट उघडूया. ओपन सर्जरी. बरगड्यांच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत चिरायचं, फुगा उघडायचा आणि कापडाची वाय आकाराची नळी हातानं शिवायची. कापड म्हणजे डॅक्रॉन, पॉलिस्टरच ते. इथे आईचे कान टवकारले. डॉक्टर गप्पिष्ट होते, त्यांनी सांगितलं की अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉक्टर मायकल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात या नळ्यांचे पहिले नमुने बायकोच्या शिलाई मशीनवर शिवले होते, आणि पुढे २००५ च्या अगदी शेवटी, वयाच्या सत्त्याण्णव्या वर्षी, त्यांचीच महाधमनी फाटली आणि २००६ मध्ये तशाच ऑपरेशननं वाचले. आई येताना सबंध रस्ताभर गाडीत हेच बोलत होती, मशीन कुठलं असेल, टीप किती बारीक मारली असेल.

ओपनची बाजू लंगडी नाहीये, हे मला प्रामाणिकपणे लिहायचंय. इंग्लंडात दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली होती, तिचे पहिले आकडे २००४ मध्ये आले, पहिल्या तीस दिवसांत मृत्यू ओपनमध्ये ४.७ टक्के आणि आतून स्टेंट ग्राफ्ट घातलेल्यांत १.७ टक्के. म्हणजे सुरुवातीला स्टेंटवाला सरळसरळ पुढे. पण ती आघाडी काही वर्षांत पुसली गेली आणि आठ वर्षांनंतर तर स्टेंटवालेच मागे पडले, कारण ग्राफ्ट सरकतो, गळतो, फुगा पुन्हा वाढतो, पुन्हा दुरुस्ती लागते. ओपनचं काम एकदा जमलं की बहुतेकदा जमलं. साठीच्या आतला, धडधाकट, फुफ्फुसं चांगली असलेला माणूस असेल तर ओपनला चार स्टार द्यायला मी तयार आहे. पण अण्णांची फुफ्फुसं बिडीनं धुरकटलेली, फुंकर मारायच्या टेस्टमध्ये निम्म्यावर आली होती, आणि भूलतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट बघून नुसती मान हलवली. विषय संपला.

तिसऱ्या डॉक्टरकडे गेलो ते दादाच्या मित्रामुळे. वयानं लहान होत्या, माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आधी काय केलं, तर अण्णांना पालथं झोपवून गुडघ्यांच्या मागे बोटं लावून बघितली, म्हणाल्या पोटात फुगा असतो त्यांच्यातल्या काहींना इथेही असतो. आधीच्या दोघांनी हे बघितलंच नव्हतं. नव्हता सुदैवानं. मग सीटीची सीडी स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकून नसेची लांबी-रुंदी आमच्यासमोर मोजली, जवळजवळ पाऊण तास, एकेक आकडा वहीत. मला तिथेच बरं वाटलं. आईला तर जास्तच, कारण बाईंनी सांगितलं की ग्राफ्ट नसेपेक्षा दहा-वीस टक्के मोठा घेतात, म्हणजे तो स्प्रिंगसारखा नसेला दाबून बसतो. आई म्हणाली, "माया सोडतात म्हणा की." डॉक्टरबाई मुंबईकडच्या, त्यांना शिवणातली माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, माहीत नव्हती, आईनं ब्लाउजची शिवण उलटी करून दाखवली त्यांना, भर ओपीडीत.

त्यांचं म्हणणं असं होतं की दोन बाजूंना दोन वेगवेगळे उपाय करायचे.

उजवीकडे, जिथे फाटा २२ मिलिमीटर, तिथे बेलबॉटम. खरंच तेच नाव आहे, डॉक्टर लोकच म्हणतात. ग्राफ्टचा पाय खाली घेरदार असतो, फुगलेल्या पण अजून फार न फुगलेल्या नसेला तो आतून टेकतो, आतल्या नसेच्या तोंडाच्या अलीकडेच थांबतो, त्यामुळे ती चालू राहते. साधारण पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या फाट्याला चालतो. नाव ऐकून अण्णा पहिल्यांदा हसले त्या सगळ्या दीड महिन्यात, कारण १९७७ साली लग्नात त्यांनी बेलबॉटमच घातली होती, आणि ती शिवली होती आईच्या वडिलांनी. फायदा असा की वेगळा महागडा पार्ट लागत नाही, वेळ वाढत नाही. तोटा असा की टेकलाय तो आजारी नसेवरच. ती उद्या आणखी फुगली तर घेर अपुरा पडतो आणि बॉटमच्या कडेनं रक्त परत फुग्यात शिरतं, त्याला टाइप वन बी लीक म्हणतात, आणि हा लीक सोडून देण्यातला नसतो. म्हणजे बेलबॉटम ही स्वस्त पडते ती फक्त दरवर्षी मापं घेणारा कोणीतरी असेल तर. आमच्याकडून साडेतीन स्टार, उरलेला दीड पाच वर्षांनी बघू.

डावीकडे, ४१ मिलिमीटरला, बेलबॉटम शक्यच नव्हती, एवढा घेर मिळतच नाही. तिथे ब्रँच. इलियाक ब्रँच डिव्हाइस. या पायालाच वर एक छोटी बाही शिवलेली असते, त्या बाहीतून आतल्या नसेत एक वेगळा छोटा ग्राफ्ट सरकवतात आणि मुख्य पाय बाहेरच्या फाट्यात जातो. फुगा बंद, दोन्ही नसा चालू. कुक कंपनीचं एक येतं, युरोपात बरीच वर्षं वापरात आहे, गोर कंपनीचं एक येतं ज्याला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. अण्णांना कुठलं बसवलं ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण बाईंनी स्पष्ट सांगितलं की कंपनी आम्ही नाही, तुमच्या वडिलांची नस ठरवते. प्रत्येकाच्या अटी असतात. गोरच्या पुस्तिकेत म्हणे किडनीच्या नसेपासून आतल्या फाट्यापर्यंत निदान १६५ मिलिमीटर लांबी लागते, फाट्याचा वरचा भाग निदान १७ मिलिमीटर रुंद हवा, आतली नस साडेसहा ते साडेतेरा मिलिमीटरच्या मध्ये हवी. बुटक्या माणसांत लांबीच भरत नाही बऱ्याचदा. अण्णा उंच आहेत, पाच फूट दहा, आतली नस आठ मिलिमीटर, बसलं मापात. रेडिमेडचं कसं असतं, अंग त्याच्या मापाचं लागतं.

टिकतं का, हा माझा प्रश्न. तर अनुभवी हातांनी बसवलेल्या ब्रँच पाच वर्षांनंतरही दहातल्या नऊ चालू राहतात असं उत्तर मिळालं, आणि मी वाचलेल्याशी ते जुळलं.

मग पैशांचं. नुसत्या या ब्रँचच्या पार्टमुळे एस्टिमेट जवळजवळ दीडपट झालं. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला सरकारनं २०१७ मध्ये मर्यादा घातली ते सगळ्यांना माहितीये, दादापण तेच घेऊन भांडायला गेला काउंटरवर, पण ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटला, या पोटातल्या ग्राफ्टला नाही, तोंड पाडून परत आला. अण्णा म्हणाले मला कॉइलच टाका, एवढे पैसे ढुंगणासाठी घालायचे काय, लोक काय म्हणतील. आईनं फक्त एवढं विचारलं, "संगमापर्यंत जायचंय का नाही तुम्हाला?" सही केली त्यांनी.

अजून एक प्रकार असतो, सँडविच, तो आम्हाला लागला नाही पण डॉक्टरबाईंनी प्लॅन बी म्हणून सांगून ठेवला होता. ब्राझीलच्या लोबाटो नावाच्या सर्जननी रूढ केलेला. एकाच पायात दोन नळ्या शेजारी-शेजारी घालायच्या, एक आतल्या नसेत, एक बाहेरच्या. नेहमीच्या मिळणाऱ्या पार्टमध्ये होतो, लांबीची अट नाही, पण दंडाच्या किंवा काखेच्या नसेतूनही वायर आणावी लागते आणि दोन गोल नळ्या एका गोल भोकात घातल्या की मध्ये फटी राहणारच, त्यातून गळती. आई म्हणाली एका बाहीत दोन हात. वापरलेला नाही, स्टार देत नाही.

ऑपरेशनची तारीख एक आठवडा पुढे गेली, कारण ब्रँचचा एक तुकडा मुंबईहून यायचा होता आणि आला तो चुकीच्या लांबीचा. हे पार्ट हॉस्पिटलच्या कपाटात नसतात, मापाप्रमाणे मागवतात. आदल्या दिवशी सलाईन लावून अण्णांना नुसतं पाणी पाजून ठेवलं होतं कारण डाय, म्हणजे एक्सरेत नस दिसावी म्हणून टोचतात ते औषध, किडनीवर जाते, आणि ब्रँचच्या कामाला डाय आणि एक्सरेचा वेळ दोन्ही जास्त लागतात, किडनी आधीच कमजोर असेल तर हा मुद्दा आधी काढा. ऑपरेशन चाललं पावणेचार तास. कॉइल असती तर दोनात झालं असतं. दोन्ही जांघांत भोकं, टाका बाहेरून दिसतही नाही, दुसऱ्या दिवशी उभे केले, चौथ्या दिवशी घरी. डावी जांघ मात्र गुडघ्यापर्यंत जांभळी-निळी झाली होती, जांभूळ खाऊन पुसल्यासारखी, तीन आठवडे लागले जायला.

आणि ताप. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून इथे ठळक लिहितेय. दुसऱ्या दिवसापासून एकशे एक ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, माझं डोकं फिरलं, म्हटलं इन्फेक्शन झालं, एवढा खर्च पाण्यात. तर निघालं की परक्या कापडाला शरीर असं चिडून उठतं, बऱ्याच जणांना होतं, रक्ताचं कल्चर स्वच्छ येतं आणि काही दिवसांत आपोआप उतरतं. उतरला. पण ते तीन दिवस मी कॉरिडॉरमध्ये ज्या शिव्या मनात घातल्या त्यातल्या निम्म्या परत घेते. उरलेल्या निम्म्या बिलिंगला. एस्टिमेटमध्ये वायरी, स्नेअर म्हणजे आतली वायर पकडायचा फास, जांघेतलं भोक बंद करायचे डिव्हाइस हे काही धरलंच नव्हतं, सगळं "कन्झ्युमेबल" म्हणून शेवटी आलं आणि मेडिक्लेमवाल्यांनी त्यातलं बरंच कापलं. इम्प्लांटचे स्टिकर, ज्यावर पार्टचा नंबर आणि साइज असते, ते फाइलला लावून द्यायला हवे होते, चार फेऱ्या मारल्यावर मिळाले. स्टिकर घेतल्याशिवाय डिस्चार्जच घेऊ नका. पुढे कधी दुसऱ्या गावात काही झालं तर डॉक्टरला आत काय बसवलंय ते त्यावरूनच कळणार. डॉक्टरबाईंना पाच स्टार, त्यांच्या हॉस्पिटलच्या काउंटरला एक, तोही तिथल्या मावशींसाठी ज्यांनी आईला रात्री चटई दिली.

महिन्यानंतरच्या सीटीत छोटा लीक दिसला, टाइप टू, कमरेच्या बारीक नसांतून उलटं येणारं रक्त. हा सगळ्यात कॉमन आणि फुगा वाढत नसेल तर नुसता बघत बसायचा. बघत बसलो. वर्षाच्या तपासणीत तो गायब होता, फुगा ५६ वरून ५२ वर आला, डावीकडची ब्रँच मस्त चालू. दादालाही सोनोग्राफी करायला लावली, रक्ताच्या नात्यात असतो म्हणून, शिवाय तोही ओढतो. त्याची नॉर्मल आली आणि त्या आनंदात त्यानं सिगारेट पेटवली, आईनं ती तोंडातून काढून तुळशीच्या कुंडीत खुपसली.

चालण्याचं विचाराल तर अण्णा न थांबता समाधीपर्यंत जातात. थांबतात ते कंडक्टर काकांसाठी, रसवंतीच्या बाकड्यावर, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून उगाच मोबाईल बघत असल्याचं नाटक करतात.

डाव्या बाजूच्या ब्रँचला साडेचार स्टार, अर्धा किमतीचा कापला. उजवी बेलबॉटमची बाजू मात्र २२ होती ती वर्षात २३ झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या एखाद मिलिमीटर मोजण्यातही इकडेतिकडे होतो, एवढ्यात काही करायचं नाही, सहा महिन्यांनी डॉपलर, म्हणजे नसांची सोनोग्राफी, वाढलं तर तेव्हा त्याही बाजूला ब्रँच टाकता येते का बघू, नाहीतर कॉइल. आईनं रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, माया किती शिल्लक आहे. बाईंना आता तो शब्द माहीत आहे. म्हणाल्या, "आहे अजून, तीन-चार मिलिमीटर." आईनं ते रिपोर्टच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, गिऱ्हाइकांची मापं लिहिते तसं, खाली तारीख घालून.